न फोडलेला नारळ

संपादकांचं पत्र आलं. नाताळ अंकासाठी लिहा, म्हणाले. विषय त्यांनीच दिला: संकटांत आणि मोहांत टिकलेला विश्वास. खाली आणखी एक ओळ होती, की लेख शक्यतो प्रसन्न असावा, सण आहे. मी पत्र दोनदा वाचलं आणि मार्थाला, म्हणजे माझ्या बायकोला म्हटलं, यांना लोणचं पाहिजे पण आंबट नको. ती म्हणाली, मग लिहू नका.

पण लिहिणं भाग आहे. आमच्या चर्चच्या मंडळीत माझी एक गोष्ट गेली कित्येक वर्षं सांगितली जाते. तळेगावच्या डोंगरात एका सरकारी नोकरानं मूर्तीपुढे नारळ फोडायला नकार दिला, साहेबाच्या रागाला भीक घातली नाही, अशी ती गोष्ट. रविवारच्या शाळेत पोरांना सांगतात. तो नोकर मी. गोष्ट खोटी नाही, अर्धी आहे, आणि त्या अर्धेपणाचा मला आता सहन होत नाही इतका संताप येतो. प्रसन्न वाटली नाही तर छापू नका.

मी टोचणीवाला. सरकारी कागदावर व्हॅक्सिनेटर, खेड्यांत 'देवी डाक्टर'. आता देवीचा रोगच गेला, त्यामुळे आजच्या पोरांना हे काम समजावून सांगावं लागतं. आजोबांच्या दंडावर वाटोळे, खोलगट वण दिसतात ना, ते आमच्यासारख्यांचं अक्षर. दिवाळी झाली की आमचा हंगाम सुरू व्हायचा आणि ऊन तापलं की संपायचा, कारण लसीला ऊन सोसत नाही. लस नागपूरहून काचेच्या बारीक नळ्यांत यायची. रेल्वेनं पुलगाव, तिथून छोट्या गाडीनं आर्वी, आणि आर्वीपासून पुढे माझी सायकल. सायकलला एक मडकं टांगलेलं असे. मडक्यात ओली वाळू, वाळूत पत्र्याची डबी, डबीत नळ्या. वाळू वाळू द्यायची नाही, एवढं एक पथ्य.

काम दिसायला सोपं. दंड धुवायचा, कोरडा होऊ द्यायचा, त्यावर लसीचा थेंब ठेवायचा आणि थेंबातूनच टोचणीनं कातडी जराशी खरवडायची. भळभळून रक्त आलं तर समजावं, हात कच्चा आहे. मग आठव्या दिवशी परत त्याच गावात जायचं. दंडावर फोड आला असला तर लस 'उठली'. नसला तर टोचणं फुकट. लस जिवंत आहे की मेली, हे नळीकडे बघून कळत नाही. मेलेलीही तशीच दिसते. ते फक्त टोचणाऱ्याला ठाऊक असतं, त्यानं मडकं कसं सांभाळलं यावरून.

माझे वडील दुष्काळात उघड्यावर पडलेलं पोर. मिशनच्या अनाथाश्रमात वाढले, तिथेच बाप्तिस्मा झाला. त्यांच्यामागे आम्ही ख्रिस्ती झालो, पण गावाच्या लेखी जे होतो तेच राहिलो. आर्वीच्या कचेरीतसुद्धा पाण्याच्या माठाला मी हात लावायचा नाही, कोणीतरी वरून ओतायचं, मी ओंजळ धरायची. देश स्वतंत्र झाला होता, माठ झाला नव्हता. पुढे राखीव जागा निघाल्या. त्या हिंदू राहिलेल्यांसाठी होत्या, ख्रिस्ती झालेल्यांसाठी नव्हत्या. म्हणजे माठापुढे मी महार आणि अर्जापुढे मी ख्रिस्ती. कचेरीतला कारकून भला माणूस होता. तो हळूच म्हणाला, "अबे, हिंदू लिहून टाक. पक्का होऊन जाशील. मनात कोण पाहून राह्यला?"

मी ख्रिस्ती लिहिलं. माझ्यामागून आलेले दोघं कायम झाले, मी पुढची चार वर्षं हंगामी राहिलो. उन्हाळ्यात घरी बसायचो, मार्था लोकांचे कपडे शिवायची. याबद्दल मला आजही पश्चात्ताप नाही. वाईट घडलं ते नंतर. चर्चचे धर्मगुरू, आमचे पाळक साहेब, यांनी ही हकीकत रविवारी व्यासपीठावरून सांगितली, लोक वळून वळून माझ्याकडे बघू लागले, आणि मला ते आवडलं. मोह म्हटला की आपल्याला बाटली आठवते, बाई आठवते. माना वळवून बघणारे लोक कोणाला आठवत नाहीत.

अशा फुगलेल्या अवस्थेत मी तळेगावच्या वरच्या डोंगरवस्तीत पोचलो. त्रेपन्न-चोपन्नचा सुमार, फाल्गुन महिना. वस्ती गोंडांची, आपसात गोंडी बोलणारी, बाहेरच्याशी आपली वऱ्हाडी. पाच-सहा वर्षांखालच्या एकाही पोराला लस नव्हती. या भागातले माझ्याआधीचे टोचणीवाले बळवंतराव पायांनी अधू झाले होते आणि शेवटची पाच-सहा वर्षं ते डोंगर चढलेच नव्हते. आता मजुरीहून परतलेला एक माणूस अंगभर फोड घेऊन घरात पडला होता. देवी वस्तीत आली होती.

बळवंतरावांनी निवृत्त होताना मला सांगितलं होतं, "तिथं टोचाच्या आधी मातामायपुढं आपल्या हातानं नारळ फोडा लागते. टोचणी तिच्या पायापाशी ठेवा लागते. पाच मिनिटाचं काम हाये, मंग सारे दंड पुढं करतात." मी तेव्हाच मनाशी ठरवलं होतं की हे आपण करायचं नाही.

वस्तीचे पुजारी सोमा भुमक, साठीचे, शांत गृहस्थ. त्यांनी मला मातामायच्या, म्हणजे देवीचा रोग जिच्या हातात आहे असं ते मानत त्या देवतेच्या, ओट्यापाशी नेलं. नारळ त्यांनीच आणून ठेवला होता.

"भुमकबुवा, मी ख्रिस्ती आहो," मी म्हणालो. "मले हे चालत नाई."

"बरं. मंग मी फोडतो. तुमी निसते हात जोडा."

"ते बी नाई."

त्यांनी थोडा विचार केला. "हात नका जोडू. टोचणी ठेवा आन् बाजूले उभे राहा."

"टोचणी मळते. आन् मी तिथं उभाबी राहणार नाई."

टोचणी मळते हे खरं होतं, पण ती उकळून घेता येते. मी धर्माला स्वच्छतेचा कोट चढवला होता, बस.

"काऊन?" त्यांनी विचारलं. मी त्यांना अर्धा तास काऊन ते सांगितलं. खरा देव, खोटे देव, दगड, माती, सगळं. त्यांनी मधे एकदाही तोंड घातलं नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "मंग आमाले टोचून घेता येत नाई, डाक्टर," आणि उठून गेले. ते नारळ का फोडायला सांगतात, हे उलट विचारायचं मला सुचलंसुद्धा नाही. मला उत्तरं द्यायची होती, ऐकायची नव्हती.

मी वस्तीबाहेर मोहाच्या झाडाखाली पथारी टाकली. हटायचं नाही असं ठरवलं. पहिला दिवस गेला, कोणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी मी उपवास धरला. या लोकांची मनं वळव, अशी प्रार्थना करत डोळे मिटून गुडघ्यांवर बसलो. किती वेळ, कोण जाणे. मन भरून आलं होतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. फार सुंदर वाटत होतं. डोळे उघडले तेव्हा झाडाची सावली सरकून गेली होती आणि मडकं भर उन्हात होतं. वाळूत बोट घातलं. कोरडी ठाक. डबी हाताला चटका देत होती.

एवढ्या वर्षांत मडकं मी कधी उन्हात ठेवलं नव्हतं. झिरा हाकेच्या अंतरावर होता. मी पाणी आणलं, वाळू भिजवली, आणि लस तगली असेल अशी स्वतःची समजूत घातली.

तिसऱ्या दिवशी इन्स्पेक्टर साहेब जीपनं आले. देवीची खबर त्यांच्यापर्यंत पोचली होती. नारळाची हकीकत ऐकून ते माझ्यावर उखडले, "तुझा देव तुझ्या घरी ठेव. इथं सरकारचं काम हाये." मग ओट्यापाशी गेले, बूट न काढता, सिगरेट डाव्या हातात धरून उजव्या हातानं नारळ आपटला आणि माझी टोचणी दगडाला टेकवून मला परत दिली. त्या माणसाचा कशावरच विश्वास नव्हता. सोमा भुमकांनी बुटांकडे पाहिलं आणि वस्तीला हाक दिली. त्यांना पोरं वाचवायची होती. घराघरांतून बाया पोरं घेऊन बाहेर आल्या.

मी साहेबांना बाजूला घेतलं. "साहेब, लस उन्हात तापली हाये. भरवसा नाई."

"टोच," ते म्हणाले. "नवी येईपर्यंत चार दिवस जातील. हे लोक उद्या फिरले तर?"

वरिष्ठाचा हुकूम, असं म्हणून मी सुटू शकतो. अर्ध्या गोष्टीत मी सुटतोच. पण खरं ते लिहितो. लस मेली असेल हे मला सगळ्यांदेखत सांगता आलं असतं. नाही सांगितलं, कारण मग ती कशी मेली तेही सांगावं लागलं असतं. टोचणी उकळून घेतली आणि मी टोचत गेलो. तीसेक पोरं असतील. शेवटी सुकाबाई नावाची बाई तिच्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आली. मुलीचं नाव मैना. मैना रडली नाही, माझ्या हाताकडे बघत राहिली. सुकाबाईनं विचारलं, "आता मैनीले देवी येणार नाई ना?"

"नाई येणार," मी म्हणालो.

मूर्तीपुढे मी वाकलो नाही, आणि हे बोललो.

आठव्या दिवशी गेलो. चार-पाच दंड उठले होते, बाकीचे कोरे. मैना तापानं फणफणली होती. कपाळावर, मनगटांवर पुरळ दिसू लागलं होतं. मी सोमा भुमकांना आणि सुकाबाईला समोर बसवलं आणि सांगितलं, उपवास, प्रार्थना, ऊन, मडकं, सगळं. मी तुम्हाला टोचलं ते नुसतं पाणी होतं, असं सांगितलं. सुकाबाईनं ऐकून घेतलं आणि ती लेकीपाशी जाऊन बसली. तिनं मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

नवी लस आणून सगळ्यांना पुन्हा टोचली. त्यासाठी मात्र कोणी नारळ मागितला नाही, घाबरलेली माणसं काही मागत नाहीत. आणखी तिघा पोरांना देवी आल्या, ती वाचली. मैना गेली.

साहेबांनी रजिस्टर मागवलं. मी पहिल्या टोचणीपुढे 'उठली नाही' असं लिहिलं होतं. ते म्हणाले, "उठली लिही. वर जाब कोण देईल?" मी लिहिलं नाही. माझ्या नावावर वाईट शेरा पडला आणि कायम होणं आणखी लांबलं. हे मी मोठेपणासाठी सांगत नाही. तेवढं न करतो तर मी माणूसच राहिलो नसतो.

आता पाळक साहेब. मी त्यांच्याकडे गेलो, सगळं सांगितलं, मडक्यासकट. ते तसे वाईट नव्हते, पण त्यांना गोष्टी आवडत. पुढच्या रविवारी त्यांनी व्यासपीठावरून सांगितलं, की आपला एक बंधू कसोटीच्या आगीतून गेला आणि झळाळून बाहेर आला. नारळ सांगितला, बूट सांगितले, वाईट शेरा सांगितला. मडकं सांगितलं नाही. मैनेचं नावही नाही. लोक पुन्हा वळून बघू लागले. मी भर उपासनेत उभा राहिलो आणि म्हणालो, "आगीत मी गेलोच नाई. एक पोरगी गेली. तिचं नाव घ्या." पाळक साहेबांनी गीताचा क्रमांक पुकारला आणि पेटी सुरू झाली. मी बाहेर पडलो.

सात-आठ महिने मी आमच्या ख्रिस्ती देवळात पाऊल टाकलं नाही. बायबल उघडलं नाही. मार्था एकटी जायची. मला वाटलं, संपलं. एवढ्यानं संपलं असतं तर सोपं होतं. पण राग कुठे न्यायचा? साहेबांवर रागावलो, ते बदलून गेले. पाळकांवर रागावलो, त्यांनी माझ्यासाठी प्रार्थना सुरू केली, ते अधिकच झोंबलं. स्वतःवर रागावून पोट भरत नाही. शेवटी एका सकाळी विहिरीवर पाणी ओढताना मी मोठमोठ्यानं देवालाच विचारत होतो, मी डोळे मिटून तुझ्याशी बोलत होतो तेव्हा तुला मडकं दिसलं नाही का? मला हाक मारता आली नाही का? शेजारीण घाबरून बादली टाकून पळाली. देव नाहीच म्हटलं असतं तर हे भांडण कोणाशी करायचं होतं? त्या रविवारी मी देवळात जाऊन मागच्या बाकावर बसलो. लोकांना वाटलं, हरवलेलं मेंढरू परत आलं. मी भांडायला आलो होतो. माझा विश्वास टिकला तो असा, भांडत. याला टिकणं म्हणत असतील तर म्हणा.

दिवाळीनंतर हंगाम उघडला आणि डोंगरवस्तीची पाळी आली. या वेळी मी मडकं बळवंतरावांकडे ठेवलं आणि रिकाम्या हातांनी आधी एकटा गेलो. सोमा भुमकांपुढे बसलो आणि एक हंगाम उशिरा तो प्रश्न विचारला, "भुमकबुवा, टोचणाऱ्यानंच नारळ फोडाचा, हे काऊन?"

 ते म्हणाले, "डाक्टर, तुमी दुसऱ्याच्या लेकराच्या अंगात रोग घालता. चुकलं तं लेकरू आमचं जाते, तुमचं काय जाते? म्हणून तुमचं काईतरी तिच्यापुढं ठेवा लागते. नारळ म्हंजे तुमचं डोस्कं. चुकलं तं तुमच्यावर येईन, असं म्हणा लागते."

उठून निघून जावं, असं वाटलं. मी त्यांना मूर्तिपूजेवर अर्धा तास ऐकवलं होतं. ते मला एवढंच विचारत होते, की तू आमच्याबरोबर धोक्यात उभा आहेस की नाहीस. मी म्हणालो होतो, उभाही राहणार नाही.

"माझ्या घरी आठ महिन्याची पोरगी हाये," मी म्हणालो. "सारा. तिले अजून टोचलं नाई. मी तिले इथं आणतो, साऱ्यांदेखत आधी तिले टोचतो, त्याच नळीतून. माझ्या देवाची प्रार्थना करतो. नारळ तुमी फोडा. चालन?"

"चालते ना," सोमा भुमक म्हणाले. "हे मागच्या सालीच काऊन नाई बोलले?"

त्यांनी हे टोमण्यानं विचारलं नव्हतं. त्यांना खरंच कळत नव्हतं. आणि नुसतं तेवढंच नव्हे, मागच्या साली आर्वीला जाऊन बळवंतरावांना नारळ फोडून टोचायला बैलबंडीत घालून आणलं असतं तरी भागलं असतं. एका दिवसाचं काम. पण मग जीत माझी झाली नसती.

चौथ्या दिवशी मार्था पोरीला घेऊन बंडीत बसली.  मडकं तिनं स्वतःच्या मांडीवर धरलं होतं आणि दर नाल्यावर बंडी थांबवून वाळू भिजवत होती. वस्तीत सोमा भुमकांनी ओट्यावर नारळ फोडला. मी थोडा अलीकडे उभा राहिलो, डोळे उघडे ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली, आणि साराच्या दंडावर पहिला थेंब ठेवला. ती कळवळून रडली. मग रांग लागली.

सुकाबाई रांगेत नव्हती. सगळे झाल्यावर ती आली. कडेवर तीन महिन्यांचा मुलगा होता. मैना गेली तेव्हा तो तिच्या पोटात असणार. त्याचा दंड तिनं पदराखाली झाकून धरला होता.

"मैनीले टोचलं ते पाणी होतं, तुमीच सांगतलं," ती म्हणाली. "हे?"

"हे पाणी नाई, माय. माझ्या पोरीले तेच टोचलं."

"पाह्यलं मी. तरी आन घ्या."

मी म्हणालो, "माझ्या लेकीची आन..."

"लेकीची नोको. तुमची बी नोको," सुकाबाई म्हणाली. "तुमच्या देवाची घ्या. ज्याच्यापायी तवा आडून बसलते, त्याची."

शपथ वाहूच नका, अशी आम्हाला आज्ञा आहे. लहानपणी मी 'देवाशप्पथ' म्हणालो म्हणून वडिलांनी मला उपाशी ठेवलं होतं. मार्था माझ्याकडे बघत होती, सोमा भुमक बघत होते, अख्खी वस्ती बघत होती.

मी प्रभूचं नाव घेऊन मोठ्यानं शपथ वाहिली. सुकाबाईनं पदर बाजूला केला आणि पोराचा दंड माझ्या हातात दिला.